राजाची बैठक

"काका, राजा शी करायला कुठे जायचा?"

शाळेच्या सहलीत मैत्रिणींशी पैज लागली होती, म्हणून विचारलं. परवापरवापर्यंत मी हजेरीसुद्धा कुजबुजत द्यायचे. आता अख्ख्या किल्ल्याला ऐकू गेलं. मैत्रिणी फिदीफिदी, बाईंचे डोळे वटारलेले.

किल्ल्याची डागडुजी करणारे गवंडीकाका मात्र खूश! "अकरा वर्षांत पहिला कामाचा प्रश्न. चल, दाखवतो."

तटाबाहेर डोकावणारी चिमुकली खोली. खाली थेट दरी.

"तीन पिढ्या थाटात इथे बसल्या," काका म्हणाले. "मग तोफा आल्या. राजघराणं सपाटीवर राहायला गेलं आणि गावाने किल्ला उचलून घरी नेला. कुणाची पायरी, कुणाचा गोठा. तुमच्या शाळेचं कुंपणसुद्धा!"

बाई एकदम छताकडे बघायला लागल्या.

"आम्ही चुना भिजवून एकेक भिंत उभी केली. अडलंय ते इथे." बसायच्या दगडाचा अर्धाच भाग होता, त्यात भोकाचा अर्धा गोल कापलेला. कडेला कोरलेलं माशाचं डोकं. "जोडीचे दगड चुकू नयेत म्हणून पाथरवट दोन्हींवर मिळून एक खूण कोरायचे. शेपटीवाला सापडत नाही. शनिवारपर्यंत नाही मिळाला, तर आमचे साहेब ही खोली विटांनी बुजवणार."

त्यांचा चेहरा एवढासा झाला. माझं हसू तिथेच विरलं. ती शेपटी मी रोज बघते.

"काय गं, वाचा बसली?" मैत्रिणीने चिमटा काढला.

मी काकांच्या कानात सांगितलं. त्यांच्या हातातली थापी खाली पडली.

घरी आले तर बाबा दारातल्या दगडावर बसून चहा पीत होते. त्याच्या अर्ध्या गोलात आईची फुलांची कुंडी.

"बाबा, जरा सरका." मी ओल्या फडक्याने कड पुसली. शेपटी!

"सांभाळून! खापरपणजोबांनी आणलेली राजाची बैठक आहे ती. पाहुणेसुद्धा हात लावून बघतात."

"राजाचीच आहे. रोज सकाळी बसायचा. पोट साफ होईपर्यंत."

बाबांचा कप हवेतच थांबला. आई हसून हसून चौकटीला टेकली.

"हे बाहेर कुणाला सांगू नकोस हं," बाबा पुटपुटले.

"मी ठरवलंय," मी कुंडी उचलून बाजूला ठेवली. "हा दगड किल्ल्यावर परत जाणार. गवंडीकाका उद्या सातला हातगाडी घेऊन येताहेत. तेव्हा बाबा, उद्याचा चहा उभ्याने!"