पिवळी पट्टी

मित्रांनो, खाडीच्या खारट पाण्यात उभी असलेली मी एक जुनी सागवानी फळी. अंगाला शेवाळ लागलंय म्हणून नाक मुरडू नका. एके काळी मी शाळेच्या भिंतीवर होते आणि लोक मान वर करून मला बघत.

पेणच्या सुतारानं मला घडवलं. गणपती रंगवणाऱ्या हातानं माझ्यावर दोन पट्ट्या काढल्या. लाल देशाची, पिवळी आपल्या राज्याची. सगळ्यांची कमाई एकत्र करायची, माणसांच्या संख्येनं भागायची, येईल ते दरडोई उत्पन्न; तेवढी पट्टी उंच. गुणाजी मास्तर दर वर्षी रंगानं पट्ट्या वाढवत. रोह्याकडे कारखाने आले तशी पिवळी आणखी चढली. लालही चढली, पण पिवळीला तिनं कधी गाठलं नाही.

खाडीकाठी भात पिकवणाऱ्या इंदुबाईला माझा भारी अभिमान. गडबच्या नाक्यावरून मला डोक्यावर तिनंच आणलं होतं. पाहुणा आला की आधी मला दाखवायची, मग चहा. निडीच्या विहिणीनं विचारलं, ह्यात तुमची कमाई किती? इंदुबाईनं तिला चहा बिनसाखरेचा दिला.

मग एका वर्षी भरतीनं बांधाला खांड पडली. पुढच्या उधाणाआधी ती बुजली नाही, तर खारं पाणी शेतात शिरणार आणि काही वर्षं भात नाही. सरकारी साहेब आले, शाळेत बसले. इंदुबाईनं गाऱ्हाणं मांडलं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि माझ्याकडे बोट केलं. म्हणाले, तुमचं राज्य देशाच्या पुढे आहे, बांध दुरुस्तीचा निधी मागासलेल्या भागांसाठी आहे.

जिला मिरवलं तिनंच साक्ष फिरवावी, तसं झालं. मी कुणाविरुद्ध बोलले नव्हते. मला बोलायला लावलं.

इंदुबाई उठून माझ्यासमोर उभी राहिली.

"त्या पिवळ्या पट्टीत मुंबय हाय, कारखाने हायत. मी कुठं हाय, बोट ठेवून दाखवा."

साहेबांनी घड्याळ पाहिलं.

पुढच्या उधाणाला शेतं बुडाली. मला भिंतीवरून काढून शाळेमागे टाकलं. पोरं माझ्यावर चिखलाचे पाय पुसत. मास्तरांनीही ओळख दाखवली नाही.

एके दिवशी इंदुबाई आली. वाटलं, चुलीत घालणार. घातलं असतं तरी मी बोलले नसते. पण तिनं मला पूर्वीसारखंच डोक्यावर घेतलं आणि बांधावर नेलं. गावानं खांड आपल्याच हातांनी बुजवली होती. पाणी अडवायच्या दाराला एक फळी कमी पडत होती. खिळे ठोकताना ती म्हणाली, "लय मिरवलीस गो. आता उभी रा, नि पाणी अडव."

तेव्हापासून उभी आहे. दोन्ही रंग केव्हाच धुऊन गेले. माझ्यामागे पुन्हा भात उभा राहिला.

मित्रांनो, तुम्हालाही कुणी अशी उंच पट्टी दाखवील. टाळ्या खुशाल वाजवा, पण आपलं घर तिच्यात कुठं आहे ते आधी विचारा. आणि बांधावर आलात तर माझे खिळे तेवढे हलवून बघा, सैल झाले असतील. भिंतीवर होते तेव्हा रंगवायला सगळे होते.