निरोगी नमुना

आमच्या लॅबमध्ये निरोगी माणूस बाहेरून आणत नाहीत. जो हाताशी असेल त्याचंच रक्त काढतात. परवानगीच्या कागदावर सही, दंडाला सुई, आणि वर आमच्या बॉसकडून, म्हणजे अंजूकडून, एक कॉफी. माझा नंबर मी रुजू झाले तेव्हाच लागला. पेशींच्या डबीवर नाव नसतं, नुसता कोड. पण एवढ्याशा लॅबमध्ये कुणाचा कोड कोणता हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

त्या रक्तापासून आम्ही स्टेम सेल बनवतो आणि त्यांच्यापासून डबीत आतल्या कानाचे मोहरीएवढे गोळे वाढवतो. सुरुवातीला पेशी सगळ्या सारख्याच. कुणी पुढे काय व्हायचं हे ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर नावाची प्रथिनं ठरवतात. कोणता जीन चालू, कोणता बंद, हा कारभार त्यांचा. त्यातलं एक म्हणतं, तू केशपेशी हो, आवाज पकड. पेशी मुकाट्याने होते. पण नुसतं होऊन भागत नाही, पुढे टिकायलाही हवं. ते काम पाऊ-फोर नावाच्या दुसऱ्या प्रथिनाचं. त्याच्या जीनच्या दोन प्रतींपैकी एक जरी बिघडलेली असेल तर केशपेशी नीट बनतात आणि मग एकेक करून मरतात. माणसाच्या कानात त्या पुन्हा येत नाहीत. जन्मतः उत्तम ऐकणारं माणूस तिशी-चाळिशीत बहिरं होतं.

आम्ही अशाच एका पेशंटच्या पेशींवर काम करतो. शेजारी तुलनेला निरोगी नमुना, म्हणजे मी.

या वर्षी आम्ही डब्या पहिल्यांदाच जास्त आठवडे वाढवत ठेवल्या, आणि माझ्या डबीतल्या केशपेशी मरायला लागल्या. खुणेच्या रंगाने हिरव्या चमकत उगवायच्या आणि काही आठवड्यांत विझायच्या. मी आधी इन्क्युबेटरला शिव्या घातल्या, मग औषधाच्या नव्या बाटलीला, मग स्वप्निलच्या हाताला. स्वप्निल आमच्याकडे पीएचडी करतो. वैतागून त्याने सगळा प्रयोग पुन्हा केला आणि शेजारी स्वतःच्या रक्तातल्या पेशी लावल्या. त्याच्या पेशी मजेत होत्या.

"टेक्निक ठीक आहे गं," मायक्रोस्कोपवरून मान वर न करता तो म्हणाला. "तुझ्या पेशींची लाइनच खराब आहे बहुतेक. फेकून देऊ, नो वरीज."

मग आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं आणि त्याने मान वर केली.

स्टेम सेल बनवतानाच पेशीत खोट येऊ शकते, ती माझ्यात असेलच असं नाही, हे मी जिना उतरेपर्यंत स्वतःला बजावत होते. तोवर स्वप्निलने अंजूला सांगितलंही होतं. तिचा मेसेज आला: लॅबमध्ये आपलाच जीन तपासायची परवानगी नाही, जेनेटिक काउन्सेलरची अपॉइंटमेंट घे, प्लीज, आजच.

मी वेस्टमीडला लॅबच्या कार पार्कमध्ये गाडीत बसून पुण्याला बाबांना व्हिडिओ कॉल लावला. बाबांचे कान पिंपरीच्या कारखान्यातल्या प्रेस मशीनने गेले, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय.

"बाबा, शांताआत्याला कधीपासून ऐकू येत नाही?" मी ओरडून विचारलं.

"शांताला? तिशीतच गं. सासूने इतकं बोलून घेतलं की कानच मिटले, असं म्हणायची. का?"

"सहज."

आत्याने जन्मात प्रेस मशीन पाहिलं नव्हतं. आमच्या घरात प्रत्येकाच्या बहिरेपणाला स्वतंत्र कारण होतं, आणि कानावर पीएचडी केलेल्या मी ती सगळी बिनबोभाट गिळली होती. माझंही कारण तयार होतं: ऑस्ट्रेलियन उच्चार. इथले लोक तोंड न उघडताच बोलतात, असं मी चारचौघांत नकला करून सांगायचे. पण हल्ली मी हृषिकेशलाही "काय?" विचारत होते, आणि माझा नवरा साताऱ्याचा आहे.

मला भीती वाटली. माझी वाटली, पण त्याहून जास्त स्पृहाची. मला असेल तर माझ्या मुलीला असण्याची शक्यता निम्मी. नाणं कधीच उडवून झालेलं होतं, मला फक्त ते बघायचं होतं.

वेंटवर्थव्हिलला घरी आले तेव्हा ती टेबलाशी बसून थालीपीठ खात होती. मी तिच्या मागे उभी राहिले आणि कुजबुजले, "आइसक्रीम हवंय?"

"मँगो," ती मागे न बघता म्हणाली.

यातून काही सिद्ध होत नाही हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? स्पृहाएवढी, सात वर्षांची असताना आत्यालाही सगळं ऐकू येत असणार. तरी मी दारापर्यंत मागे गेले आणि आणखी हळू बोलले. तिला तेही ऐकू आलं.

"Is this a game?"

"हो."

"My turn. Turn around, आई."

मी ओट्याकडे तोंड करून उभी राहिले. ती खुर्चीवरून उतरल्याचं कळलं. फ्रीज बंद पडल्यासारखा गप्प होता. मी वाट पाहिली. मग आणखी पाहिली.

"बोल ना गं," मी म्हणाले.

तिने माझा कुर्ता ओढला. ती माझ्या अगदी मागेच उभी होती आणि तिचा चेहरा हिरमुसला होता.

"I said it heaps of times," ती म्हणाली. "You just stood there."