घरभाडं शून्य

माणसाने गाव निवडायचं तर मे महिन्यात निवडावं, असं सत्यभामाबाईंचं ठाम मत होतं. ऊन डोक्यात शिरतंय, कूलरमध्ये टाकायला पाणी नाही, दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही, अशा दिवसांत ज्याला गाव आवडेल त्याने खुशाल बिऱ्हाड आणावं. त्यांच्या लेकाने, संघदीपने, बाभुळगाव निवडलं ते जानेवारीत, मित्राच्या वावरात, रोडगे खाताना.

थंडी छान पडली होती. गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे, वांग्याची झणझणीत भाजी, वर तुपाची धार. संघदीप पुण्याहून बायको-पोरीला घेऊन चार दिवस आला होता आणि तिसरा रोडगा पोटात गेल्यावर त्याला साक्षात्कार झाला.

"आई, आम्ही आता इकडंच येऊन राह्यलो," तो म्हणाला. "दोघायलेही घरूनच काम हाय. मंग पुण्यात कायले मरायचं?" आणि त्याने बोटांवर हिशोब मांडला. "इथं घरभाडं शून्य. प्रेरणाचं पाळणाघर शून्य. स्वयंपाकवाली बाई शून्य. धुणं-भांडी शून्य. पगार पुण्याचा अन् खर्च बाभुळगावचा!"

"मानलं लेका तुले," वावराचा मालक जीवन म्हणाला. बाकीच्या मित्रांनीही माना डोलावल्या. सत्यभामाबाईंनी मात्र हातातला रोडगा ताटात ठेवून दिला. पोरीला सांभाळायला कोणी नको, पोळ्या लाटायला कोणी नको, भांडी घासायला कोणी नको. मग हे सगळं करणार कोण, भूत? ही सगळी शून्यं कोणाच्या कमरेवर बसणार होती, ते कळायला त्यांना बोटं मोजावी लागली नाहीत.

पण त्या गप्प राहिल्या. चारचौघांत लेकाचं बोलणं आईने खोडायचं नाही, ही आपल्याकडची रीत. जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्मभर पोरांना गप्प बसवणाऱ्या बाई, आणि स्वतःच्या पोरासमोर तोंडातून शब्द फुटला नाही. मौन म्हणजे होकार, हे कोणत्या शहाण्याने ठरवलं कोण जाणे. जो कोणी असेल, तो कोणाची आई नक्की नसणार.

खरं तर हिशोब त्यांचाही झाला होता, आणि लेकाच्या आधी झाला होता. यवतमाळला उमरसरा भागात, त्यांच्या जुन्या सहकारी हंसाबाई राठोड यांच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर दोन खोल्या रिकाम्या होत्या. बाभुळगावचं घर बँकेतल्या एका जोडप्याला भाड्याने द्यायचं, त्याच पैशात तिकडचं भाडं भागवायचं, पेन्शन आपली आपल्याला. यवतमाळला भाजी महाग, पाण्याची तिथेही बोंबच, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. पण तिथे दवाखाना जवळ होता, वाचनालय होतं, संध्याकाळी विहारात बायकांची बैठक होती. आणि सकाळी उठल्याबरोबर चूल कोणासाठी पेटवायची, हा प्रश्न नव्हता. गाडीवर उभं राहून तर्री-पोहे खायचे, बोटं चाटायची आणि भांडं न घासता घरी यायचं. लोक हसले तर हसले. एवढंच त्यांना हवं होतं, आणि ते फार होतं असं त्यांना अजिबात वाटत नव्हतं.

बाभुळगाव त्यांनी कधी निवडलंच नव्हतं. ते निवडलं होतं बळीरामने, त्यांच्या नवऱ्याने. त्याची नोकरी तिथे, प्लॉट तिथे स्वस्त. सत्यभामाबाईंची शाळा पार राळेगाव तालुक्यात. बाभुळगावहून कळंब, कळंबहून दुसरी बस, पुढे पायी, आणि संध्याकाळी तीच वरात उलटी. रडत-रखडत घरी पोचल्या की बळीराम ऐटीत सांगायचा, "पाह्य, यवतमाळात याच पैशात अर्धा प्लॉट भेटला असता." आता तो नव्हता. गेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात. सत्यभामाबाई रागवत.

संघदीप पुण्याला परतल्यावर त्यांनी फोन केला. "मले तुह्याशी बोलाचं हाय, राहाच्या जागेचं," असं सुरू केलं, तर तो म्हणाला, "तू काही टेन्शन घेऊ नको आई, सगळं ठरलं हाय." पुन्हा फोन केला तर तो मीटिंगमध्ये. तिसऱ्यांदा त्याचाच आला. पुण्याचा फ्लॅट सोडला होता, ट्रक ठरला होता.

त्यांनी बँकवाल्यांना नाही म्हणून सांगितलं आणि हंसाबाईंनाही फोन लावला. "खोल्या देऊन टाका कोणाले. लेक येऊन राह्यला."

"कायले देऊ?" हंसाबाई कडाडल्या. "लेक येतो तं येऊ दे. तो घरात येणार म्हणून तू त्या घरात पुरलीच पाह्यजे का? खोल्या मी धरून ठेवतो. पाह्यतोच तू कधी येत नाही ते."

ट्रक आला तो मार्चमधल्या एका सकाळी. शेजारपाजारच्या बायका दारात गोळा झाल्या. "सत्यभामाबाई, नशीब काढलं तुम्ही! आजकाल कोणाचे पोरं परत येतात?" त्या सगळ्यांना चहा पाजला सत्यभामाबाईंनीच. हमालांचा चहाही त्यांनीच केला. ड्रायव्हर उकंडा दारव्ह्याकडचा. तो म्हणाला, "मॅडम, पानी असन तं द्या थंडं," तर माठातलं पाणीही त्यांनीच दिलं.

संघदीप घामाघूम होऊन हुकूम सोडत होता. "आईचा पलंग मागच्या खोलीत घ्या. तिचं कपाट सध्या आंगणात ठेवा, मंग पाहू. समोरच्या खोलीत माह्यं ऑफिस राहीन." बाबासाहेबांचा फोटो तेवढा जागेवर राहिला. बाकी घरातली एकेक वस्तू त्यांच्या डोळ्यांदेखत हलली, आणि कोणी त्यांच्याकडे वळूनही पाहिलं नाही. मागची खोली पत्र्याची. तिच्यात आजवर सरपण आणि भंगार ठेवलेलं असायचं.

"आई," संघदीप आतून ओरडला, "जेवाले काय करून राह्यली? हमालायचंही धरजो."

सत्यभामाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"संघदीप, तुह्या हिशोबात माही मजुरी किती धरली?"

तो हसला. "तुही मजुरी कायची आई? तू तं घरचीच."

तळपायाची आग मस्तकात गेली.

"घरची हाय म्हणून फुकट? तुह्या बापाले इथं प्लॉट स्वस्त भेटला. स्वस्त त्याले पडला, फेडला मी. पोटात तू होता तरी दोन बसा बदलून शाळेत जात होती. आता तुले स्वस्त पाह्यजे, तं आताही मीच? कोणी एकानं तरी इचारलं मले, का बाई, तुले कुठं राहाचं हाय?"

दारातल्या बायका चहाचे कप हातात धरून थिजल्या. संघदीप कानापर्यंत लाल झाला.

"मंग वावरात तवाच बोलली काहून नाही?"

"लोकायसमोर तुही लाज राखली, म्हणून. आज तुही लाज राखाची इच्छा नाही माही."

"मी यांना म्हणाले होते," सून मैत्रेयी हळूच बोलली, "आधी आईंना विचारा म्हणून. हे म्हणाले, आई खूशच होईल."

"खूश!" सत्यभामाबाई म्हणाल्या आणि तरातरा फाटकाबाहेर गेल्या. "उकंडाभाऊ, परत जाताना यवतमाळवरून जाता ना?"

"हो मॅडम. तिथून माल भराचा हाय. तोवर गाडी रिकामीच."

"मंग ते आंगणातलं कपाट चढवा. अन् माहा पलंग. जे भाडं होईन ते मी देतो."

हमाल एकमेकांकडे बघायला लागले. संघदीप पुढे आला, कपाटाला पाठ लावून उभा राहिला. "आई, तमाशा नको करू. लोक काय म्हणतीन?"

"पोरगा आला अन् माय निघून गेली म्हणतीन. म्हणू दे. बाजूले हो."

तो हलेना. तेव्हा मैत्रेयी आत गेली, सासूच्या गादीची गुंडाळी खांद्यावर घेऊन बाहेर आली आणि नवऱ्याच्या अंगाला घासून पुढे जात ती ट्रकमध्ये टाकली. मग तो हलला.

सामान फार नव्हतंच. कपाट, पलंग, गादी, कूलर, पुस्तकांची दोन पोती. चार भांडी त्यांनी मोजून घेतली, एका माणसाला पुरतील एवढीच. छोटी प्रेरणा फाटकाला लोंबकळत होती. "आजी, मी येऊ?"

"येजो, बाई. सुट्टीत येजो. पोहे खाले नेतो तुले."

त्या केबिनमध्ये चढल्या. डोळ्यांना धार लागली होती, आणि ते रडू निव्वळ संतापाचं होतं. संघदीप खिडकीशी आला. आता त्याचा आवाज पार उतरला होता.

"अन् आमचं कसं, आई?"

"घर हाय ना. बँकवाले सहा हजार देत होते. तेवढेच तू एक तारखेले माह्या खात्यात टाकजो. अनामत मागत नाही."

"सख्ख्या पोराकडून भाडं घेशीन?"

"सख्ख्या मायकडून भांडे घासून घेतले असते ना?" त्या म्हणाल्या, आणि केबिनचं दार असं आपटलं की उकंडा दचकला.

"हळू मॅडम," तो म्हणाला, "जुनी गाडी हाय."