सफारीतले साहेब

देवदत्त पागनिसांच्या कपाटाला वाळवी लागली होती. म्हणून रविवारी शशिकलाबाईंनी कपाट रिकामं करून औषध मारलं आणि नवऱ्याचे यच्चयावत कपडे गच्चीवर वाळत टाकले. संध्याकाळी वादळ आलं. इंदूरच्या लालबागेतल्या मेळ्याचे तंबू उडाले, रस्त्यांवर झाडं आडवी झाली आणि पागनिसांचे कपडे कुणाला काही न सांगता निघून गेले.

सकाळी कॉलनी कामाला लागली. वीज नव्हती, नळाला पाणी नव्हतं, पण नाक्यावर पोह्यांची वाफ निघत होती, म्हणजे इंदूर चालू होतं. वाळत घातलेले कपडे सगळ्यांचेच उडाले होते, म्हणून जो तो कुंपणावर, झाडावर सापडेल ते अंगात घालून कामावर निघाला होता. पागनिसांच्या वाट्याला कडुनिंबात अडकलेला एक पिवळा टी-शर्ट आला. त्यावर गुलाबी अक्षरांत ‘टीम ब्राइड’ लिहिलं होतं. खाली रात्रीचा पायजमा होताच.

“घाला तोवर,” शशिकलाबाई म्हणाल्या. “रिटायर माणसाला कोण बघतंय?”

हे मात्र पागनिसांना लागलं. सरकारी कचेरीत ते अधीक्षक होते. लोक तासन्‌तास त्यांच्या दाराशी उभे राहायचे. रिटायर झाल्यापासून दूधवालासुद्धा दार उघडल्यावर विचारायचा, “भाभीजी नहीं हैं?”

चहाचा कप घेऊन ते गॅलरीत आले, आणि बघतात तर त्यांचा तपकिरी सफारी सूट गल्लीतून चालत निघाला होता. तीच कॉलर, खिशावरचा तोच शाईचा डाग.

“शशी, माझा सफारी चालला!”

“अहो, तो वरच्या मजल्यावरचा अनीश आहे. पोराचेही कपडे उडाले असतील.”

तोवर अनीश शेअर रिक्षात बसून दिसेनासा झाला. पोलोग्राउंडच्या एका डब्यांच्या कारखान्यात तो नुकताच नोकरीला लागलाय, हे पागनिसांना ठाऊक होतं. त्यांनी स्कूटर काढली.

पोलोग्राउंडला कारखान्यांच्या गल्लीच्या तोंडाशी एक गुलमोहर आडवा पडला होता. फार मोठा नव्हता. वाकून सहज पलीकडे जाता आलं असतं. पण सगळी गल्ली अलीकडेच बसून होती. मालक खुर्च्यांवर, कारागीर पायरीवर. झाड उद्यान खात्याचं, रस्ता पालिकेचा, आणि झाड टेकलेली भिंत उद्योग खात्याची. तेव्हा साहेब येऊन बघेपर्यंत कुणी हात लावायचा नाही, असं ठरलं होतं.

आणि साहेब आलेले होते. मधोमध, रुमाल अंथरलेल्या खुर्चीवर, अनीश बसला होता. सफारीच्या बाह्या त्याच्या बोटांपर्यंत आल्या होत्या. एक जण त्याला पुठ्ठ्यानं वारा घालत होता.

“मैं यहीं डब्बों की फैक्टरी में...” अनीश पुन्हा पुन्हा सांगत होता.

“वहाँ भी चलेंगे साहब, पहले चाय लीजिए,” लेथवाले शेठ म्हणाले.

पागनीस गर्दीत घुसले. “तो सूट माझा आहे!”

शेठनी त्यांचा टी-शर्ट वाचला आणि प्रेमानं त्यांचा दंड धरला. “काकाजी, बारात इधर नहीं है. आगे से लेफ्ट.”

“हे माझ्याबरोबर आहेत!” अनीश ओरडला. मग खालच्या आवाजात म्हणाला, “काका, सॉरी, संध्याकाळी धुऊन देणार होतो. पण यांचं काय करू? झाड हटवा म्हटलं, तर लेखी द्या म्हणतात.”

पागनीस सूट मागायलाच आले होते. पण इतकी माणसं हात जोडून वाट बघताहेत, हे दृश्य त्यांनी फार दिवसांत पाहिलं नव्हतं. ते अनीशच्या कानाशी वाकले.

“तोंडी आदेश दे. तोंडी आदेशाला जबाबदार कुणी नसतं, म्हणून तो सगळ्यांना आवडतो.”

“मौखिक आदेश है,” अनीश म्हणाला.

गल्लीत आनंदाची लाट उसळली. करवती आल्या, दोर आले. दोराचं एक टोक पागनिसांच्या हातात कुणी दिलं कळलंच नाही. “साहब का असिस्टंट, ढीला मत छोड़!” असं शेठ ओरडले, तेव्हा पागनिसांनी चप्पल काढून जोर लावला. झाड हललं. वर्षानुवर्षं फायली इकडून तिकडे केल्या, पण एखादी वस्तू आपल्या ओढण्यानं प्रत्यक्ष सरकते, हा अनुभव त्यांना नवा होता.

रस्ता मोकळा झाला, तरी लोक हलेनात. त्यांना आदेशाची गोडी लागली होती.

“साहब, मेरा बोर्ड उल्टा हो गया, सीधा कर लूँ?”

“साहब, पड़ोसी का टीन मेरी छत पे अच्छा बैठ गया है. रहने दूँ?”

“साहब, खाना खा लें?”

पागनीस कानात सांगत होते, अनीश मोठ्यानं बोलत होता. पत्र्याचं प्रकरण विचाराधीन ठेवलं. जेवणाला तत्काळ मंजुरी मिळाली.

जेवणं चालली असताना खरे अधिकारी आले. त्यांचंही घर वादळात सापडलं होतं. हाफ पँट आणि लग्नातला कोट घालून ते मोटरसायकलवर बसून आले. ओळखपत्र दाखवलं, तर शेठ म्हणाले, “लाइन में आओ भिया, साहब खाना खा रहे हैं.”

ते बिचारे रांगेत उभे राहिले. नंबर आल्यावर त्यांनी अनीशला अदबीनं विचारलं, “सर, पडलेल्या झाडाचा पंचनामा करायचा होता. झाडच नाहीये. मी काय लिहू?”

अनीशनं पागनिसांकडे पाहिलं. पागनिसांनी क्षणभर डोळे मिटले.

“लिहा, पाहणीच्या वेळी झाड आढळून आलं नाही.”

अधिकाऱ्यांचा चेहरा उजळला. हे तर खरंच होतं! त्यांनी पागनिसांशी हात मिळवला आणि जाताना थांबून विचारलं, “आपण कोणत्या डिपार्टमेंटचे?”

“मी यांच्याबरोबर आहे,” पागनीस म्हणाले. त्यांना वाटलं होतं, हे बोलताना कमीपणा वाटेल. वाटला नाही.

संध्याकाळी अनीशनं सूट धुऊन आणून दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. पागनिसांनी सफारी चढवून, भांग पाडून दार उघडलं. दारात पत्ता शोधत आलेले लेथवाले शेठ आणि चार-पाच जण, हातात कचोऱ्यांचा पुडा.

“साहब हैं? ट्रांसफॉर्मर का आदेश चाहिए था.” त्यांनी पागनिसांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “आज आप भी अच्छे लग रहे हो काकाजी. साहब का पुराना सूट है?”

“बसा,” पागनीस म्हणाले. “साहेब अंघोळ करताहेत.”

आत जाऊन त्यांनी भराभर सफारी उतरवला, पायजमा चढवला आणि मागच्या जिन्यानं वर गेले.

“कुठे निघालात?” स्वयंपाकघरातून शशिकलाबाईंनी विचारलं.

“ऑफिसला!”

अनीशनं डोळे चोळत दार उघडलं. “काका, मला माझी ड्युटी आहे हो.”

“आहे ना,” पागनीस म्हणाले आणि सूट त्याच्या हातात कोंबला. “घाल लवकर. लोक खोळंबलेत.”