न घेतलेल्या शपथेचा कागद

मी शपथेचा कागद बोलतो आहे. कोर्टात मला प्रतिज्ञापत्र म्हणतात. माझ्या अंगावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत एक लाल रेघ आहे. ती मी मिरवतो. का, ते ऐका.

माझा जन्म एका वकीलबाईंच्या कार्यालयात दिवेलागणीनंतर झाला. समोर शिवणकाम करणारी एक बाई बसली होती. तिच्या मांडीवर जेवणाचा भरलेला डबा होता. तिचा धाकटा भाऊ घरोघरी विजेची कामे करी. रस्त्यात पोलीस एका फेरीवाल्याला मारत होते, तेव्हा या भावाने विचारले, "कोणत्या कायद्यानं मारताय?" एवढ्यावरून त्याला उचलून नेले. त्याला ना आरोप सांगितला, ना न्यायाधीशापुढे उभे केले. बहीण रोज ठाण्यात डबा देई आणि रिकामा परत नेई. त्या दिवशी डबा जसाच्या तसा परत आला होता.

"मॅडम, तो जेवण टाकणारा नाही हो," ती म्हणाली. "तो रुसतोसुद्धा जेवून झाल्यावर."

वकीलबाई हसल्या नाहीत. भावाला कोर्टापुढे हजर करावे, असा अर्ज करायचा होता. अर्जात मागणे असते. ते मागणे ज्या जमिनीवर उभे राहते, ती जमीन मी.

"डोळ्यांनी पाहिलंत तेवढंच सांगा. ऐकलेलं असेल, तर कुणाकडून ऐकलं तेही सांगा," वकीलबाई म्हणाल्या. तिने तसेच सांगितले. 'आज सकाळपासून अंधार पडेपर्यंत मी ठाण्याच्या दारात बसले होते,' हेही माझ्यावर उमटले. तिने मला वाचले आणि खाली सही केली.

"उद्या यांना शपथेला घेऊन जा," असे कारकुनाला बजावून वकीलबाई निघाल्या. त्या जिना उतरताच कारकून बहिणीला म्हणाला, "तुम्ही कशाला हेलपाटे घालता, ताई? सही झाली ना? पुढचं मी बघतो."

हा त्याचा नेहमीचा रिवाज होता. सह्या टेबलावर घ्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी कागदांचा गठ्ठा कोर्टाच्या वरच्या मजल्यावर शपथ देणाऱ्या अधिकाऱ्यापुढे ठेवायचा. अधिकारी मान वर न करता शिक्के मारी. त्या सकाळी माझ्यावरही शिक्का पडला: 'माझ्यासमोर शपथ घेतली.' सहीशी जुळावी म्हणून तारीखही आदल्या दिवसाची घातली. समोर चहाच्या कपाखेरीज कोणीही नव्हते. कारकून दुष्ट नव्हता, अधिकारीही नव्हता. माणसाची पुष्कळ पापे सवयीच्या चपला घालून येतात. त्यांचा आवाज होत नाही.

सुनावणीच्या दिवशी सरकारी वकिलांनी मला उंच धरले. "साहेब, ही म्हणते, अंधार पडेपर्यंत मी ठाण्याच्या दारात होते. त्याच दिवशी हिनं शपथही घेतली! शपथेची खोली तर अंधाराआधी बंद होते. एका वेळी दोन ठिकाणी हजर राहणं देवालाच जमतं. अर्ज फेटाळावा."

वकीलबाईंनी कारकुनाकडे पाहिले. कारकुनाने फरशीकडे पाहिले. मग तो बहिणीच्या कानाशी लागला. "ताई, दुपारी मध्येच येऊन गेले म्हणा. एवढंच म्हणा. भाऊ सुटेल."

न्यायाधीशांनी विचारले, "बाई, तुम्ही अधिकाऱ्यासमोर शपथ घेतली होती का?"

मी पडलो, तर अर्ज पडणार होता. अर्ज पडला, तर भाऊ आतच राहणार होता. हे तिला ठाऊक होते. तिने डबा छातीशी धरला, क्षणभर डोळे मिटले आणि उघडले.

"नाही, साहेब. सही माझी आहे. लिहिलंय ते सगळं खरं आहे. पण शपथ मला कुणी दिलीच नाही."

"झालं! हिनंच कबूल केलं," म्हणत सरकारी वकील खाली बसले.

"बसू नका," न्यायाधीश म्हणाले. "तुमचं म्हणणं मान्य. हा कागद सदोष आहे." आणि त्यांनी माझ्यावर लाल रेघ ओढली. "पण दोष कागदात आहे आणि माणूस कोठडीत आहे. कागदाची शिक्षा त्यानं का भोगायची? अधिकाऱ्यांना खाली बोलवा. शपथ इथं, माझ्यासमोर होईल."

माझी स्वच्छ प्रत तयार झाली. अधिकारी आले. त्यांनी प्रथमच मान वर करून त्या बाईचा चेहरा पाहिला. तिने उजवा हात उचलला.

"ईश्वरसाक्ष खरं सांगते."

मग माझे एकेक वाक्य तिला वाचून दाखवले गेले आणि प्रत्येकाला ती "खरं आहे" म्हणत गेली. माझे मुके शब्द त्या दालनात मोठ्याने बोलले. मी बाजूला पडलो होतो, रद्द झालो होतो; पण त्या घटकेला माझ्याइतका धन्य कागद त्या इमारतीत दुसरा नव्हता.

हुकूम सुटला: कोर्ट उठायच्या आत त्याला हजर करा. त्याला आणले. तो लंगडत होता, ओठ सुजला होता. त्याला का धरले, याचे उत्तर ठाण्याकडे नव्हते.

"सोडा याला. आत्ता," न्यायाधीश म्हणाले. "आणि ठाणेदारांनी उद्या स्वतः येऊन या ओठाचा जाब द्यावा."

बाहेरच्या बाकावर बहिणीने डबा उघडला. भावाने जपून पहिला घास घेतला.

"ताई, मीठ विसरलीस."

"विसरले," ती रडता रडता हसली. "कोर्टात खोटं बोलले नाही, तुझ्यापुढे काय बोलू? खा मुकाट्यानं."

आता मी चौकटीत आहे. वकीलबाईंनी मला कारकुनाच्या खुर्चीसमोरच्या भिंतीवर लावले आहे. त्या कारकुनावर रागावल्या नाहीत. फक्त खिळा त्याच्याच हातून ठोकून घेतला.

देवाचे नाव घ्यायचे असेल, तर आधी त्याच्यासमोर उभे राहा. माझे एवढेच मागणे आहे.

आजच एक म्हातारे गृहस्थ सही करून उठू लागले. "येऊ मी? बाकीचं तुम्ही बघाल ना?"

कारकुनाची नजर माझ्या रेघेवर गेली. त्याने टेबलावर राहिलेला त्यांचा चष्मा उचलला आणि हात पुढे केला.

"नाही, आजोबा. चला, कोर्टात वर जाऊ. शपथ तुमच्या तोंडून व्हायला हवी. हळूहळू चढू, मी धरतो तुम्हाला."