वाखाचं कपाट

छगनला अंबाडीच्या वाखाचा भारी नाद. लोक सालीच्या ह्या धाग्यांचे दोर वळत. छगन वाखाचे थरावर थर चिंचोक्याच्या खळीत भिजवी, दगडाखाली दाबी, उन्हात वाळवी आणि त्याच्या फळ्या करी. फळी पापडासारखी हलकी, पण वर म्हैस उभी केली तरी मोडत नसे. म्हशीचं मत कुणी विचारलं नव्हतं.

लेकीच्या लग्नासाठी त्यानं ह्याच फळ्यांचं कपाट केलं, वर लोखंडासारखा करडा रंग दिला. लग्न सोनईला, नवरदेवाच्या दारी. तिथं भर मांडवात आपली विद्या जाहीर करायची, हे त्यानं मनाशी पक्कं केलं होतं.

निघायच्या सकाळी मेव्हणा बन्सी कपाट एकट्यानं उचलून ट्रककडे निघाला. ते बघून छगनची बायको रतनबाई आडवी आली.

"आवो, कपाट चौघांनी कण्हत उतरवायचं आसतं! येकट्यानं आनलं तर सोयरे म्हनतील, पोरीला खोकं दिलं."

"आगं, हलकं हाय हीच तर करामत!"

"करामत तुमची, पन नाक जाईल माझं."

तिनं घरातलं जातं, पाटा-वरवंटा नि उखळ आत भरलं आणि कुलूप ठोकलं. छगनचा जीव फळ्यांत अडकला. पण त्यांच्या अकोल्यापासून सोनईपर्यंत ट्रक आदळत गेला, तरी कपाटाचा टवका उडाला नाही.

चौघांनी ते कण्हत उतरवलं. "लोखंड आसावं तर आसं!" पाहुणे म्हणाले. विहीण आक्काबाईनं किल्ली घेऊन दार उघडलं नि ती हरखलीच. "आगं बया, समदा संसारच दिला की!" जातं, पाटा, उखळ तिच्या माजघरात गेलं. उद्यापासून दळण शेजारी, हे ओळखून रतनबाई नुसती हसत राहिली.

उरलं रिकामं कपाट. नवरदेव कानिफनाथ म्हणजे बाशिंगाच्या ओझ्यानं वाकलेला काडीपैलवान. तो उगाच हात लावायला पुढं झाला आणि कपाट डोक्यावर घेऊन उभा राहिला.

वाजंत्री थांबली.

"चौघांचं वझं येकट्यानं!" कुणीतरी ओरडलं.

छगन ताडकन उठला. "मंडळी, ही समदी करामत..." रतनबाईनं दंडाला असा चिमटा काढला, की वाक्याची दिशाच बदलली. "...जावईबापूंची हाय."

आक्काबाई मीठ-मोहऱ्या घेऊन धावली आणि लेकाची दृष्ट काढू लागली.

"इहीनबाई," छगन हळूच म्हणाला, "येकदा कपाटावरनं बी ओवाळा."

"ते कशापायी?"

"आसू द्या," छगन म्हणाला. "लई दमलंय ते."