कॅम्पवाली मावशी

होळी झाली की सत्यभामाबाईची हातगाडी जागा बदलते, हे अकोल्याच्या त्या रस्त्यावर सगळ्यांना ठाऊक होतं. वर्षभर गाडी चौकात उभी. पातूरकडच्या आपल्या वाडीतल्या काकड्या, मुळे, गाजरं आणि हंगामात शेंदूरजनाघाटची संत्री. पण मार्चमध्ये मैदानावर मुलींच्या बेसबॉलचा कॅम्प लागला रे लागला की बाईची गाडी मैदानाच्या भिंतीला जाऊन टेकायची. तिथं गिऱ्हाईक निम्मंसुद्धा नाही. ऊन मात्र सगळं डोक्यावर.

तिचा नवरा भगवंत कपाळाला हात लावायचा. "लोकायच्या पोट्ट्या चेंडू फेकून राहिल्या न आपला माल वाळून राहिला," असं तो दरवर्षी म्हणायचा.

"वाळू द्या. वर्षभर तुमचंच तोंड पायतो मी. पंधरा दिवस त्यायचं पाऊ द्या," असं तीही दरवर्षी म्हणायची.

आता गंमत अशी, की या बाईनं बेसबॉलचा एकही सामना उभ्या जन्मात पाहिलेला नव्हता. सामने व्हायचे दूर कुठंतरी, पंजाबात नाही तर तिकडं दक्षिणेत. इथं व्हायचा तो फक्त सराव. अमरावती, अकोला, यवतमाळकडच्या पोरी यायच्या, पंधरवडाभर पळायच्या, फेकायच्या, झेलायच्या आणि शेवटच्या दिवशी ट्रायल होऊन संघ निवडला जायचा. संघ गाडीत बसून निघून गेला की सत्यभामाबाईचा खेळ संपला. पुढं तो संघ जिंकला की हरला, हेही कधी तिच्या कानावर यायचं नाही. पण त्या पंधरवड्यात तिच्यासारखी शौकीन अख्ख्या वऱ्हाडात नसेल. कोणती पोरगी चेंडू अंगावर आला की डोळे मिटते, कोणाची फेक दुपारनंतर ढिली पडते, सगळं तिला भिंतीवरून दिसायचं आणि ती ते मोठ्यानं सांगायचीही. पोरी हसायच्या. त्यांनीच तिचं नाव पाडलं होतं, कॅम्पवाली मावशी.

तिची एक रीत होती. शेवटच्या दिवशी योगेश सर, म्हणजे पोरींचे कोच, नावं वाचून दाखवायचे. मग पोरी गाडीशी यायच्या. निवड झालेलीला मावशी एक संत्रं द्यायची. नाव न आलेलीला दोन. "जिले भेटलं तिले एक पुरते, जिले नाई भेटलं तिचा घसा सुकते," असा तिचा हिशेब.

रागिणीनं लागोपाठ दोन वर्षं दोन-दोन संत्री खाल्ली होती.

रागिणी चांदूर बाजारची. उंच, काटक, बोलणं कमी. पिचर होती, म्हणजे चेंडू टाकणारी, आणि तिचा चेंडू कॅचरच्या ग्लोव्हमध्ये शिरला की असा आवाज यायचा की रस्त्यावरची माणसं वळून पाहायची. पहिल्या वर्षी तिची दिशा चुकली, दुसऱ्या वर्षी ट्रायलच्या दिवशी तापानं फणफणली. यंदा मात्र पोरगी आली ती निराळीच. चेंडू सांगावा तिथं पडत होता. योगेश सरही मान हलवायला लागले होते. यंदा संघात नाव आलं आणि तिकडून मेडल आलं तर पोलीसभरतीत खेळाडूंच्या जागेसाठी तिला अर्ज करता येणार होता. नाही आलं तर मैदान बंद, हे तिच्या बापानं सांगून ठेवलं होतं. बाप दुष्ट नव्हता. तीन वर्षं वाट पाहिली त्यानं, आणि तीन वर्षं म्हणजे काही कमी नाहीत. सत्यभामाबाईला हे सगळं माहीत होतं. यंदा या पोरीच्या हातावर एकच संत्रं ठेवायचं, एवढंच तिच्या मनात होतं. देवाला नवससुद्धा बोलून झाला होता.

ट्रायलला दोन दिवस उरले असताना तिनं भिंतीवरून पाहिलं, की रागिणी दर दोन-तीन फेकींनंतर उजवा खांदा दाबते. दाबते, हात गोल फिरवते आणि पुन्हा फेकते. संध्याकाळी पोरगी गाडीशी आली तेव्हा बाईनं थेट विचारलं, "खांद्याले काय झालं वं?"

"काई नाई, मावशी. थोडसा भरून आला," रागिणी म्हणाली. "सरायले सांगतलं. ते म्हणे बर्फ लाव न उद्याच्या दिवस फेकू नको."

"बर्फ?" बाई उखडलीच. "बर्फानं खांदा आखडते. तुया सरायले काय समजते? म्या वीस वर्षं ओझे उचलले या खांद्यावर. उद्या येजो दुपारी. बिबा लावून देतो. दुसऱ्या दिवशी पाह्य कसा सुटते हात."

रागिणी हसली फक्त.

बिबा वऱ्हाडात कोणाला सांगावा लागत नाही. काळं टणक बी, तापवून सुईनं टोचलं की काळंकुट्ट तेल सुटतं, आणि ते दुखऱ्या जागी ठिपक्या-ठिपक्यांनी लावायचं. भगवंतचा गुडघा बिब्यानं बरा झाला होता. सत्यभामाबाईची टाचही. पण बिबा सगळ्यांना मानवत नाही. एखाद्याला उततो. अंग सुजतं, फोड येतात, पाणी सुटतं. म्हणून जाणती बाई आधी पायाच्या घोट्यावर एक ठिपका लावते, दिवसभर वाट पाहते आणि मगच पुढं जाते. आणि बिब्याचं अंग उन्हात न्यायचं नाही, घाम येऊ द्यायचा नाही, हे तर लहान लेकरालाही माहीत असतं. सत्यभामाबाई जाणती होती. आजवर शेजारपाजारच्या दहा जणांना तिनं बिबा लावला असेल, आणि दहाही जणांच्या घोट्याला आधी ठिपका लावला होता.

सकाळी ती बिबे निवडत होती तेव्हा भगवंतनं विचारलं, "घोट्याले लावून पायलं का त्या पोरीच्या?"

"वेळ कोठी हाय? उद्या ट्रायल हाय तिची."

"मंग राहू दे नं. सर हायेत तिचे, पाहून घेतीन. तू कायले मधात पडून राहिली?"

"तुमाले नाई समजत," ती म्हणाली. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला असंच वाटत होतं की त्या पोरीचं बरंवाईट आपल्याइतकं कोणालाच समजत नाही. ना सरांना, ना बापाला. माया वाढली की माणूस असा आंधळा होतो, दुसरं काय.

दुपारी गाडीच्या आडोशाला सावलीत बाईनं साडीचा पदर आडवा धरला. रागिणी खाली बसली. मैदानाकडे एकदा पाहून तिनं विचारलं, "लावलाच पायजे काय, मावशी?"

"भेऊ नको. मुंगी चावल्यावाणी वाटते," बाई म्हणाली आणि खांद्यापासून दंडापर्यंत तिनं ठिपके लावले. चांगले भरपूर लावले, हात राखला नाही. फडकं बांधलं. पोरगी थँक्यू म्हणाली आणि गेली. त्या रात्री सत्यभामाबाईला छान झोप लागली.

ट्रायलच्या सकाळी रागिणी मैदानावर आली ती अंगात पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घालून. मार्चच्या उन्हात पूर्ण बाह्या पाहून बाई भिंतीवर वाकली. तिनं हाक मारली, पण पोरगी भिंतीकडे आली नाही.

पिचिंगला तिचं नाव पुकारलं गेलं. तिनं हात मागे नेला आणि चेंडू टाकला. तो कॅचरच्या दोन हात बाहेरून गेला. दुसरा जमिनीवर आपटला. तिसरा तिच्या हातातून सुटलाच, फेकायच्या आधीच, पायाशी पडला. योगेश सर तिच्याजवळ गेले. त्यांनी तिचा हात हातात घेऊन पाहिला आणि चटकन सोडला. बोटं फुगून जाड झाली होती. झोपेत खांदा खाजवला असणार, आणि ते तेल दोन्ही हातांच्या बोटांना लागलं असणार. सरांनी बाही वर केली. दंडापासून मानेपर्यंत फोडच फोड, आणि टी-शर्ट ओला होऊन चिकटलेला.

"हे काय केलं तू?" सर ओरडले नाहीत. हळूच विचारलं त्यांनी. भिंतीपर्यंत ऐकू आलं ते.

"बिबा लावला, सर."

"कोणी सांगितलं होतं?"

सत्यभामाबाई भिंतीच्या पलीकडे उभी होती. तिच्या हातात काकडी होती. पुढं व्हावं, सांगावं, की मी लावला, या पोरीचा दोष नाही, असं तिला वाटलं. पाय उचलला नाही. ती भ्यायली. उद्यापासून या मैदानाशी आपल्याला कोणी उभं राहू देणार नाही, याला ती भ्यायली. एवढीच गोष्ट होती.

"मीच लावला," रागिणी म्हणाली.

सरांनी तिला मोटरसायकलवर बसवून दवाखान्यात नेलं. ट्रायल थांबत नसते. वर्षाली नावाच्या पोरीनं पिचिंग केली आणि बरी केली. दुपारी नावं वाचली गेली. पोरी गाडीशी आल्या, मावशीनं कोणाला एक, कोणाला दोन संत्री दिली, पण तिला कोणाचे चेहरे दिसत नव्हते. पोरींच्या बोलण्यातून तिला समजलं. डॉक्टरीण म्हणाली होती की कातडी बरी व्हायला तीन आठवडे तरी लागतील. आणि खांदा तिनं हलवून, दाबून पाहिला होता. खांद्याला काही नव्हतं. थकला होता, बस. एक दिवस आराम दिला असता तर मोकळा झाला असता.

संध्याकाळी बाईनं गाडी भगवंतच्या हवाली केली. 'म्या सांगतलं होतं' असं तो म्हणाला नाही. ती पिशवी घेऊन चालत एसटी स्टँडवर गेली.

अमरावतीची गाडी लागायची होती. रागिणी बाकावर बसली होती, बॅग पायाशी, हातांना मलमपट्टी, चेहराही एका बाजूनं सुजलेला. मावशीला पाहून ती सरकली, जागा दिली.

बाईनं पिशवीतून दोन संत्री काढली आणि तिच्यापुढं धरली. मग तिच्या लक्षात आलं की पोरीला धरता येणार नाहीत. ती सोलायला लागली. शिरा काढून एकेक फोड तिनं रागिणीच्या तोंडापाशी नेली, आणि रागिणीनं ती खाल्ली.

"सरायले मायं नाव काहून नाई सांगतलं?" बाईनं विचारलं.

"सांगून काय झालं असतं? तुमाले इथून हाकललं असतं."

"मले हाकलाले पायजे." बाई म्हणाली. "लय दुखून राहिला होता का वं खांदा? म्हणून बसली का तू बिबा लावाले?"

रागिणीनं रस्त्याकडे पाहिलं. गाडी आत येत होती.

"नाई, मावशी," ती म्हणाली. "बर्फ लावला न, तवाच सुटला होता खांदा. परवा रात्रीच."

"मंग?"

"तुमी बिबा घेऊन बसल्या होत्या. एवढ्या हौसेनं आणला होता." ती उठली, बॅगचा पट्टा तिनं कोपरात अडकवला. "तुमाले नाई कसं म्हणू?"

कंडक्टरनं आवाज दिला. रागिणी चढली, खिडकीशी बसली, आणि जाताना तिनं मलमपट्टीचा हात थोडा वर केला. दुसरं संत्रं बाईच्या हातात तसंच होतं, अर्धं सोललेलं. गाडी गेल्यावरही ती कितीतरी वेळ त्या बाकावर बसून होती. पुढच्या वर्षी होळी झाली, मैदानावर कॅम्प लागला, पण बाईची हातगाडी चौकातच उभी राहिली.